वाचक विचारतात : एकमितीय साखळी आणि इलेक्ट्रॉनची नजरकैद

मागच्या अंकात अँडरसन स्थानबद्धतेवर लेख होता. अणूंच्या ऊर्जा पुरेशा वेड्यावाकड्या असतील तर इलेक्ट्रॉन पसरत नाही, एका जागेभोवती अडकून राहतो, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली दाखवलं. एकमितीय साखळीत तर ‘पुरेशा’ हा शब्दही लागत नाही. मॉट आणि ट्वोज यांनी १९६१ मध्ये मांडल्याप्रमाणे अव्यवस्था कितीही सौम्य असली तरी तिथल्या सगळ्या अवस्था अडकतात. यामागे एक गृहीतक आहे: एका अणूच्या ऊर्जेचा शेजाऱ्याच्या ऊर्जेशी काहीही संबंध नसतो. बहुतेक पत्रांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं आहे, म्हणून हे सदर या वेळी एकाच विषयाला दिलं आहे.

उत्तरांत एका अणूवरून शेजारच्या अणूवर उडी मारण्याची ऊर्जा सगळीकडे १ धरली आहे. त्यामुळे अव्यवस्था नसताना ऊर्जेचा पट्टा −२ ते +२ असतो. ‘ऊ’ म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा. ‘र’ म्हणजे अणूंच्या ऊर्जा ज्या पट्टीत समान संभाव्यतेने विखुरल्या आहेत तिची रुंदी. ‘लांबी’ म्हणजे स्थानबद्धतेची लांबी, म्हणजे तरंगफल सुमारे २.७ पटींनी घटायला जितके अणू लागतात ती संख्या.

प्रश्न : शेजारी अणूंच्या ऊर्जा एकमेकींना धरून बदलत असतील तर चढउतार सौम्य होतात. मग इलेक्ट्रॉन कमी अडकणार हे उघडच नाही का? (पुणे)

उघड वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे.

एकमितीय साखळीत इलेक्ट्रॉनला अडवायचं तर त्याला मागे फिरवावं लागतं, कारण बाजूला वळायला जागाच नाही. दर अणूमागे त्याच्या तरंगाची कला ‘त’ या कोनाने पुढे सरकते (ऊ = २ × कोसाइन त). मागे फिरलेल्या तरंगाची ती −त ने सरकते. फरक २त. अणूंच्या ऊर्जांची वेडीवाकडी रांग ही निरनिराळ्या लांबीच्या लाटांची बेरीज मानली, तर त्यातली फक्त दर अणूमागे २त ने सरकणारी लाट इलेक्ट्रॉनला परतवते. स्फटिकावरून क्ष-किरण परततात त्या ब्रॅगच्या नियमाचाच हा प्रकार आहे. बाकीच्या लाटा कितीही मोठ्या असल्या तरी पहिल्या फेरीत त्यांचा काही उपद्रव नाही.

म्हणून सौम्य अव्यवस्थेसाठी इझ्राइलेव्ह आणि क्रोखिन यांनी १९९९ मध्ये दिलेलं सूत्र असं दिसतं:

१ ÷ लांबी = (प्रमाण विचलन)² × पॉवर स्पेक्ट्रम(२त) ÷ (८ × साइन² त)

पॉवर स्पेक्ट्रम म्हणजे रांगेतल्या त्या त्या लाटेचा जोर. सहसंबंध, म्हणजे शेजाऱ्यांच्या ऊर्जांमधलं नातं, नसेल तर तो सगळीकडे १ असतो आणि सूत्र लांबी = २४ × (४ − ऊ²) ÷ र² इतकं सोपं होतं.

आता तुमचं उदाहरण. रांग अशी बनवा: नवी ऊर्जा = स × आधीची ऊर्जा + √(१ − स²) × नवा यादृच्छिक आकडा. स = ०.५ घेतला तर स्पेक्ट्रम ०.७५ ÷ (१.२५ − कोसाइन २त) येतो. पट्ट्याच्या मध्यावर (ऊ = ०) २त म्हणजे १८० अंश, तिथे स्पेक्ट्रम १/३, म्हणून लांबी तिप्पट होते. इथवर तुमचा अंदाज बरोबर. पण कडांकडे सरकलं की हाच स्पेक्ट्रम ३ कडे जातो आणि लांबी एक तृतीयांशावर येऊ लागते. हिशेब बरोबरीत सुटतो तो ऊ = ±१.७३ वर. त्याच्या आत सहसंबंध इलेक्ट्रॉनला सोडवतो, बाहेर जास्त घट्ट पकडतो. स = −०.५ घेतलात, म्हणजे उंचाशेजारी ठेंगणा अशी रचना केलीत, तर सगळं उलटं होतं. रांगेतल्या मंद लाटा मंद इलेक्ट्रॉनला अडवतात, इतकंच हे गणित.

एक पथ्य पाळा. कडेच्या फार जवळ हे सूत्र वापरू नये. प्रमाण विचलनाचा ४/३ घात काढा. कडेपासून तेवढ्या अंतरात सूत्र कोलमडतं. र = १ असताना प्रमाण विचलन ०.२९ आणि हे अंतर सुमारे ०.१९ येतं. आणि स कितीही बदला, हा स्पेक्ट्रम कुठेही शून्य होत नाही. लांबी वाढेल, सुटका होणार नाही.

प्रश्न : र = १, ऊ = ०.५ घेऊन अणूमागून अणू असा हिशेब पुढे नेणारा प्रोग्राम लिहिला. साठ-पासष्ट हजार अणूंनंतर उत्तर ‘इन्फिनिटी’ येतं. शिवाय ऊ = ० ला लांबी ९६ यायला हवी ती १०५ येते. (एम.एससी. विद्यार्थिनी, नांदेड)

पहिली चूक संगणकाच्या आकड्यांची आहे. तुम्ही वापरता तो नियम (पुढचा = (ऊ − अणूची ऊर्जा) × आताचा − मागचा) दर ९० अणूंमागे सरासरी २.७ पटींनी वाढत जातो. डबल प्रिसिजन आकड्याच्या मर्यादेचा नैसर्गिक लॉगरिथम सुमारे ७०९ आहे, आणि ७०९ × ९० म्हणजे जवळपास ६४,०००. तुमचा प्रोग्राम अगदी वेळेवर फुटतो आहे! दर १० किंवा २० अणूंनंतर दोन्ही आकड्यांना त्यांच्या संयुक्त परिमाणाने भागा, त्या परिमाणाचा लॉगरिथम एका खात्यात जमा करत जा, आणि शेवटी ती बेरीज अणूंच्या संख्येने भागा. येणाऱ्या आकड्याचा व्यस्त म्हणजे लांबी.

दुसरी चूक नाहीच. ऊ = ० वर साधं सूत्र ९६ देतं, खरी लांबी १०५ च्या आसपास असते. काप्पुस आणि वेग्नर यांनी १९८१ मध्ये दाखवलेला हा मध्यबिंदूचा अपवाद आहे. तिथे तरंग दर चार अणूंनी स्वतःवर जुळतो, त्यामुळे कला सगळ्या कोनांत सारखी विखुरते हे गृहीतक बिघडतं. प्रोग्राम तपासायचा तर ऊ = ० टाळा. ऊ = ०.५ ला ९० यायला हवेत.

किती लांब साखळी घ्यायची, हेही सांगून ठेवतो. उत्तरातली सापेक्ष चूक साधारण √(लांबी ÷ साखळीतले अणू) एवढी असते. दहा लाख अणू आणि लांबी ९० असेल तर चूक एक टक्का. सहसंबंध घालून लांबी १०,००० वर नेलीत की त्याच साखळीत ती दहा टक्के होते, आणि मग आलेखातल्या लाटांना लोक नवा शोध समजू लागतात.

प्रश्न : ‘रँडम डायमर’मध्ये अव्यवस्था असूनही इलेक्ट्रॉन आरपार जातो असं वाचलं. १९६१ चा निष्कर्ष मग चुकीचा ठरला का? (निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

निष्कर्ष शाबूत आहे. त्याची अट इथे मोडलेली आहे. डनलॅप, वू आणि फिलिप्स यांनी १९९० मध्ये मांडलेलं हे प्रतिमान कागद-पेन्सिलीने सोडवता येतं, म्हणून थोडं सविस्तर.

दोन प्रकारचे अणू घ्या. ‘क’ची ऊर्जा ०, ‘ख’ची १. क्रम यादृच्छिक, पण ‘ख’ नेहमी जोडीनेच येणार. आता इलेक्ट्रॉनची ऊर्जा बरोबर १ ठेवा. ‘ख’ अणूवर (ऊ − अणूची ऊर्जा) शून्य होते आणि वरचा नियम ‘पुढचा = −मागचा’ एवढाच उरतो. हे लागोपाठ दोनदा केलं की दोन्ही आकडे जसेच्या तसे परत येतात, फक्त चिन्ह बदलून. म्हणजे जोडी साखळीत असून नसल्यासारखी. सगळ्या जोड्या मनाने उचलून टाकल्या तर उरते ती शुद्ध ‘क’ची सरळ रांग, आणि तिच्यातून ऊ = १ चा तरंग ६० अंशांच्या कलेने सुखाने जातो. जोड्या कुठे आणि किती आहेत याला काहीच महत्त्व राहत नाही.

अट एकच: ही ऊर्जा ‘क’च्या पट्ट्यात बसली पाहिजे, म्हणजे दोन ऊर्जांतला फरक २ पेक्षा जास्त नको. ‘ख’ची ऊर्जा २.५ ठेवलीत तर जोडी पारदर्शकच राहते, पण मधल्या ‘क’च्या रांगेत ऊ = २.५ चा तरंगच चालत नाही. दार उघडं आहे, पण दारापर्यंत रस्ता नाही.

आता १९६१ च्या निष्कर्षाकडे. पारदर्शकता काटेकोरपणे एकाच ऊर्जेला आहे. तिच्यापासून दूर जाताना लांबी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. साखळीत न अणू असतील तर जिची लांबी साखळीपेक्षा मोठी आहे अशा अवस्थांची पट्टी १ ÷ √न एवढी रुंद असते, आणि तिच्यात √न च्या घरातल्या अवस्था मावतात. दहा हजार अणूंमागे शंभरेक, दहा लाखांमागे हजारेक. संख्या वाढते, हिस्सा मात्र एक टक्क्यावरून दशांश टक्क्यावर येतो. अनंत साखळीत त्यांचा वाटा शून्य. म्हणून याला धातू म्हणणं धाडसाचं होईल.

तरीही एका अणूवर सोडलेला इलेक्ट्रॉन पसरत जातो. फरक २ पेक्षा कमी असेल तर सरासरी वर्ग-विस्थापन काळाच्या १.५ घाताने वाढतं. साध्या विसरणापेक्षा (घात १) हे जलद आहे, निर्विघ्न धावेपेक्षा (घात २) मंद. फरक बरोबर २ असेल तर घात १ होतो. त्यापुढे पसरणं थांबतं. जवळपास सगळ्या अवस्था अडकलेल्या आणि तरी पुंजका पसरतो, हे गणितज्ञांनाही सहज पचलं नाही. जितोमिर्स्काया, शुल्झ-बाल्डेस आणि स्टोल्झ यांनी २००३ मध्ये पसरण्याच्या वेगाची खालची मर्यादा काटेकोरपणे सिद्ध केली.

करून पाहणाऱ्यांचं गणित बहुधा दोन ठिकाणी चुकतं. एक, प्रत्येक अणूसाठी नाणं उडवलं जातं, त्यामुळे एकटा ‘ख’ शिरतो आणि पारदर्शकता जाते. नाणं जोडीसाठी उडवायचं. नंतर ‘ख’च्या प्रत्येक सलग गटाची लांबी सम आहे ना, हे एका ओळीच्या कोडने तपासा, साखळीच्या टोकालाही जोडी तुटता कामा नये. दोन, साखळी आखूड पडते. सर्वांत वेगवान तरंग एका काल-एककात दोन अणू ओलांडतो. १,००० एककं चालवायचं असेल तर दोन्ही बाजूंना २,००० अणू लागतात, वर थोडी मोकळी जागा. नाहीतर टोकावरून परतलेला तरंग १.५ चा घात खाली ओढतो, आणि दोष विनाकारण प्रतिमानाला दिला जातो.

प्रश्न : हवी ती ऊर्जा-पट्टी मोकळी ठेवणारी अव्यवस्था मुद्दाम बनवता येते का? कृती द्या. (संशोधक विद्यार्थी, मुंबई)

येते. पहिल्या उत्तरातलं सूत्र उलट वाचायचं: जिथे स्पेक्ट्रम शून्य, तिथे परतवणारी लाटच नाही.

समजा −१ ते +१ एवढी पट्टी मोकळी हवी. तिथे त ६० ते १२० अंश, म्हणजे २त १२० ते २४० अंश. २४० ही घडी घालून पुन्हा १२० च होते. तेव्हा रांगेतून १२० अंशांच्या वरच्या सगळ्या लाटा गाळायच्या आहेत. साखळीत न अणू असतील तर न + १,००० स्वतंत्र यादृच्छिक आकडे घ्या. प्रत्येक अणूची ऊर्जा ही आजूबाजूच्या १,००१ आकड्यांची वजनी बेरीज. म अंतरावरच्या आकड्याचं वजन साइन(१२० अंश × म) ÷ (पाय × म), मधल्याचं २/३. संगणकाला कोन रेडियनमध्ये द्या, ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते. शेवटी सगळ्याला √१.५ ने गुणा, म्हणजे प्रमाण विचलन मूळचंच राहील.

गाळलेल्या लाटांचा वाटा उरलेल्यांत जातो, त्यामुळे बाहेरच्या पट्टीत स्पेक्ट्रम १.५ होतो. र = १ एवढ्या तीव्रतेला ऊ = १.५ वर साध्या अव्यवस्थेत लांबी ४२ असते, ती इथे २८ वर येते. मधली पट्टी मोकळी, कडेचे आणखी जखडलेले, आणि सीमा ±१ वर धारदार. हीच एकमितीतली मोबिलिटी एज. सीमा धारदार हवी असेल तर सहसंबंधाची शेपटी लांब लागते; १ ÷ म ने घटणारी वजनं त्यासाठीच आहेत. आखूड सहसंबंधातून धारदार सीमा कधीच निघत नाही.

आता बिघाड. वजनांची रांग ±५०० वर तोडली की गाळणी थोडी गळते. गाळलेल्या भागात स्पेक्ट्रम ०.००१ उरला तर ऊ = ०.५ ची लांबी ९० ऐवजी ९०,००० होईल, अनंत नाही. वजनांना हॅमिंगसारखी उतरती झालर लावली की गळती कमी होते, सीमा जराशी बोथट होते. लांबी मोजायच्या आधी बनवलेल्या रांगेचा स्पेक्ट्रम काढून बघा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि आठवडा वाचवतं.

गळती पूर्ण थांबली तरी लांबी मर्यादितच येईल, कारण आपलं सूत्र पहिल्या पायरीचं आहे. पुढच्या पायरीत इलेक्ट्रॉन दोन लाटांचे धक्के मिळून मागे फिरू शकतो. कोणता दोष चालू आहे हे ओळखायला अव्यवस्थेचं प्रमाण विचलन निम्मं करा. लांबी चौपट झाली तर गाळणी गळते आहे. सोळापट किंवा जास्त झाली तर गाळणी ठीक आहे आणि दिसतो आहे तो पुढच्या पायरीचा परिणाम.

प्रश्न : लांब पल्ल्याच्या सहसंबंधाने खरं धातू-रूपांतर होतं, असं एक निबंध म्हणतो आणि दुसरा ते खोडतो. कोणाचं मानायचं? (नागपूर)

डी मोरा आणि लिरा यांनी १९९८ मध्ये असा स्पेक्ट्रम घेतला जो लाटेच्या वारंवारितेच्या α (आल्फा) घाताने घटतो, आणि α दोनपेक्षा जास्त झाल्यावर पट्ट्याच्या मध्याभोवती मोकळ्या अवस्था सापडल्याचं मांडलं. २००० साली कान्टेलहार्ट, रुस, बुंडे, हॅव्हलिन आणि वेबमन यांनी त्यातल्या एका पायरीवर हरकत घेतली. प्रत्येक साखळीचं प्रमाण विचलन १ वर आणलेलं होतं.

हरकत वजनदार आहे. α = २ ची रांग म्हणजे दारुड्याची चाल. ती जितकी लांब, तितकी मूळ पातळीपासून भरकटते, एकूण पसारा √न ने वाढतो. तो पसारा १ वर दाबला की शेजारच्या दोन अणूंमधला फरकही √न ने भागला जातो. दहा हजार अणूंत तो शंभराव्या हिश्शावर येतो. साखळी वाढवाल तशी अव्यवस्था गुळगुळीत होत जाते, आणि मग इलेक्ट्रॉन सुटला यात नवल ते काय! दाबणं बंद केलं तर रूपांतर दिसत नाही.

आमच्या मते दोघांचं गणित बरोबर आहे, पण दोघांची साखळी वेगळी आहे. शंभर-हजार अणूंच्या ठरावीक लांबीच्या नमुन्यात पहिल्यांचं प्रतिमान उपयोगी पडतं. ‘अनंत साखळीत धातू’ हे विधान करायचं असेल तर दुसऱ्यांची अट पाळावी लागेल. तुमच्या प्रकल्पात न बदलताना शेजारी अणूंमधला सरासरी फरक स्थिर राहतो का, त्याचा रकाना तक्त्यात ठेवा.

प्रश्न : हे सगळं संगणकापुरतंच, की प्रयोगातही दिसलं आहे? (औरंगाबाद)

दिसलं आहे. बेलानी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या थरांचे तीन नमुने केले: एकात सगळ्या विहिरी (इलेक्ट्रॉन ज्यांत बसतात ते थर) सारख्या, दुसऱ्यात अरुंद विहिरी कुठेही, तिसऱ्यात अरुंद विहिरी जोडीनेच. तिसरा नमुना विद्युतरोधाच्या बाबतीत दुसऱ्यासारखा न वागता पहिल्याच्या जवळ राहिला. मोबिलिटी एज मात्र आधी मायक्रोवेव्हने दिसली. कूल, इझ्राइलेव्ह, क्रोखिन आणि श्टोकमन यांनी २००० मध्ये धातूच्या तरंगनळीत १०० स्क्रू बसवले आणि त्यांची खोली गणिताने काढलेल्या सहसंबंधाप्रमाणे कमी-जास्त केली. इलेक्ट्रॉन नाही, पण समीकरण तेच. शिवाय इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीचा त्रास नाही.

थंड अणूंच्या प्रयोगांत तर सहसंबंध टाळताच येत नाही. २००८ साली फ्रान्समध्ये ॲलन आस्पे यांच्या गटाने लेसरच्या ठिपकेदार प्रकाशात रुबिडियम-८७ चे अणू अडकलेले दाखवले. ठिपक्यांचा बारीकपणा भिंगाच्या तोंडावर ठरतो, एका मर्यादेपेक्षा बारीक लाट त्या प्रकाशात नसतेच. म्हणून त्या मर्यादेपेक्षा वेगवान अणूंना परतवणारं काही उरत नाही. वेग मर्यादेत असताना ढगाच्या कडा घातांकी घटल्या, मर्यादा ओलांडल्यावर शेपटी सावकाश, घात-नियमाने घटली.

त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये रोआती आणि सहकाऱ्यांनी १,०३२ आणि ८६२ नॅनोमीटरच्या दोन प्रकाश-जाळ्या एकमेकींवर ठेवून पोटॅशियम-३९ वर ऑब्री-आंद्रे प्रतिमान साकारलं. इथे यादृच्छिक काहीच नाही. दुसरी जाळी पहिलीशी कधीच जुळत नाही, एवढंच. डोलणाऱ्या ऊर्जेचा आयाम २ च्या खाली असताना सगळ्या अवस्था मोकळ्या, वर गेला की सगळ्या एकदम अडकलेल्या. तेव्हा लांबी १ ÷ लॉगरिथम(आयाम ÷ २) येते: आयाम २.२ ला साडेदहा अणू, ३ ला अडीच. हे संगणकावर करायचं असेल तर साखळीत फिबोनाची संख्येइतके, उदाहरणार्थ ९८७ अणू घ्या आणि दोन जाळ्यांचं गुणोत्तर ६१० ÷ ९८७ ठेवा. दुसरा कुठलाही आकडा घेऊन टोकं जोडलीत तर सांध्यावर एक खोटा दोष तयार होतो आणि एखादी अवस्था नेमकी तिथेच चिकटून बसते.